सहावा कोण? गॅरेथ साउथगेट, स्टॉपर आणि कोच

आडवापाय

शिअरर, प्लॅट, पिअर्स, गॅस्कॉइन, शेरिंगहॅम. २६ जून १९९६ला वेंब्लीवर जर्मनीविरुद्ध युरो स्पर्धेचा उपांत्य सामना १-१ राहिला. टायब्रेकरमध्ये या पाच जणांनी पेनल्टी मारल्या आणि पाचही गोलात गेल्या. आज ही पाच नावं कुणाला धड आठवत नाहीत. आठवतो तो सहावा.

जर्मनीचेही पाच झाले, सामना सडनडेथवर आला (एकेक पेनल्टी, एकाने घातली आणि दुसरा हुकला की संपलं), आणि इंग्लंडकडे पाचांनंतर कोण हे पक्कं ठरलेलंच नव्हतं. पंचवीस वर्षांचा एक स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, 'मी मारतो' म्हणून पुढे झाला. त्याआधी सीनियर फुटबॉलमध्ये त्याने एकच पेनल्टी मारली होती, क्रिस्टल पॅलेसकडून, आणि ती खांबाला लागली होती. या वेळी चेंडू खांबापर्यंतही गेला नाही. लुळा, जमिनीलगतचा फटका, जर्मनीचा गोलकीपर कोपकेने आरामात अडवला. जर्मनीच्या मोलरने पुढचा मारला आणि इंग्लंड घरच्या स्पर्धेतून बाहेर. आईनेसुद्धा नंतर विचारलं म्हणे, जोरात का नाही रे मारलास?

हा गॅरेथ साउथगेट. पुढे याच माणसाने इंग्लंडला दोनदा युरोच्या अंतिम सामन्यात नेलं आणि २०१८च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत. १९६६चा विश्वचषक जिंकून देणारे रॅम्सी सोडले तर इंग्लंडच्या कुठल्याही कोचची मोठ्या स्पर्धांतली कामगिरी याच्या जवळपास नाही. आणि तरीही जुलै २०२४मध्ये तो गेला तेव्हा अर्ध्या इंग्लंडने सुटलो म्हटलं.

खेळाडू म्हणून तो तारा नव्हता. पॅलेसमध्ये मिडफिल्ड आणि बचाव दोन्हीकडे खेळला, तेविसाव्या वर्षी कर्णधार असताना संघाला १९९३-९४मध्ये वरच्या विभागात चढवलं, पुढच्याच वर्षी संघ परत खाली. मग ॲस्टन व्हिला. तिथे कोच ब्रायन लिटलने त्याला कायमचा मागे नेला आणि मॅकग्रा, इहिओगू, साउथगेट अशी तिघांची बचावफळी उभी केली. १९९६ला लीग कप, लीड्सविरुद्ध ३-०. २००१ला मिडल्सब्रो. इंग्लंडकडून ५७ सामने, २ गोल. वेग बेताचा, उंचीसुद्धा स्टॉपरच्या मानाने बेताचीच. कमाई सगळी जागा धरण्यातली.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. माझ्या मते त्याची सगळी कोचगिरी त्या सहाव्या पेनल्टीतून निघाली. लोक म्हणतात तसा 'चुकीतून शिकला' वगैरे प्रकार नाही. पेनल्टी नेमकी कुणाची, हा प्रश्न त्याला त्या रात्री चिकटला आणि कधी सुटलाच नाही. १९९६ला मारायची जबाबदारी ज्याची छाती त्याच्यावर होती. त्याच्या संघात हे चालत नव्हतं. कोण मारणार ते तो ठरवायचा, आधीपासून, सरावाचे आकडे बघून. तुमची मतं सांगा.

विंगवरून_लिहितो

चांगलं लिहिलंय, पण इतका जीव टाकण्यासारखा कोच होता का हो हा? त्याच्या हाती केन, बेलिंगहॅम, फोडन, साका, पामर होते. एवढे आक्रमक हाताशी असताना १-० झालं की संघ हळूहळू मागे सरकायचा. २०१८च्या उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध ट्रिपिअरने पाचव्या मिनिटाला फ्रीकिकवर गोल केला, मग पेरिसिच, आणि जादा वेळेत मांडझुकिच. २०२१ला युरोच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध शॉने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, मग तासभर चेंडू इटलीच्याच पायात आणि ६७व्या मिनिटाला बोनुचीने बरोबरी केली. गोष्ट तीच, पात्रं वेगळी. स्टॉपरच्या हाती आघाडी दिली की तो ती तिजोरीत ठेवतो, बाजारात नेत नाही. जून २०२२मध्ये हंगेरीने घरात येऊन ४-० मारले तेही विसरू नका.

टीसकाठचा

आम्ही २००५ ते २०११ मिडल्सब्रोच्या शेजारच्या गावात राहिलो. बायकोची नोकरी रुग्णालयात, मी घरी, दोन मुलं, आणि शनिवारी रिव्हरसाइड, म्हणजे मिडल्सब्रोचं मैदान. त्यामुळे थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

तिथे साउथगेटला लोक इंग्लंडचा कोच म्हणून ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी तो २००४चा कर्णधार. कार्डिफला बोल्टनला २-१ हरवून लीग कप जिंकला, १२८ वर्षांच्या क्लबचा पहिला मोठा चषक, आणि तो याने उचलला. मी पोचलो त्या हंगामात ते यूएफा कपमध्ये होते. बासेलकडून तिकडे २-० हरून घरी ४-१ जिंकले. मग स्टेआउआविरुद्ध पहिला सामना १-० हरलेला, घरी २-० पिछाडी, म्हणजे चार गोल हवेत. झाले चार, शेवटचा अगदी अखेरीला मॅकरोनीचा. शेजारचा सत्तरीतला म्हातारा कुंपणावरून ओरडत आमच्या अंगणात आला होता. आइंडहोवनचा अंतिम सामना मात्र सेव्हियाने ४-० घेतला.

तो साउथगेटचा खेळाडू म्हणून शेवटचा सामना. मिडल्सब्रोचे कोच मॅकलॅरन इंग्लंडचा कोच व्हायला निघाले, आणि अध्यक्ष गिब्सन यांनी काही आठवड्यांत त्याच कर्णधाराला कोच केलं. वय ३५. परवाना नव्हता, खास सवलत मागावी लागली. मे महिन्यापर्यंत ज्यांच्याबरोबर एका खोलीत कपडे बदलले, ऑगस्टमध्ये त्यांच्यातल्याच कुणाला तरी 'आज तू बाकावर' म्हणायचं. आपल्याकडे कारखान्यात कामगाराला सुपरवायझर केलं की डबा खायला कुठे बसायचं हा पहिला प्रश्न असतो, तसं.

पहिल्या हंगामात बारावे, मग तेरावे. त्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी मँचेस्टर सिटीला ८-१. हो, आठ. अल्वेसने तीन मारले, आम्हाला वाटलं आता दिवस पालटले. पुढच्या वर्षी एकोणिसावे आणि खालच्या विभागात. ऑक्टोबर २००९मध्ये डर्बीला २-० हरवलं आणि त्याच रात्री, सामना संपून काही तास होतात न होतात तोच, त्याला काढलं. संघ तेव्हा चौथ्या क्रमांकावर होता! चार महिन्यांनी रेडकारची पोलादाची भट्टी थंड झाली. त्या हिवाळ्यात पबमध्ये कुणी कुणाला काही विचारत नसे.

विंगवाले, तुम्ही म्हणता तो 'मागे सरकणारा' साउथगेट मी बघितलेला नाही. मी बघितला तो भाबडा होता. मैदानाच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवायचा. २००९नंतर हा माणूस कडक झाला असं माझं मत.

पेठेतला_बॅक

कोल्हापूर हजर!

आडवापाय, तुम्ही स्टॉपर हा शब्द वापरलात तिथंच मन जिंकलंत. हल्ली सगळे सेंटर बॅक सेंटर बॅक करत्यात. मी बारा वर्षं तालमीकडून मागं खेळलो, शाहू स्टेडियमवर. आता गुडघा गेलाय, पोरांना शिकवतो.

विंगवाल्यांना एक सांगतो, राग मानू नका. विंगरला मैदान दिसतं ते तिरकं, आणि अर्धा वेळ पाठमोरं. स्टॉपरला सगळं समोर दिसतं. कुणाचा श्वास संपलाय, कुणाचं लक्ष गॅलरीतल्या दोस्तांकडं आहे, कुठला बॅक पुढं गेलाय पण माघारी येणार नाही. सगळं आपल्या डोळ्यांसमोर, आणि आपण नव्वद मिनिटं बोंबलत असतो. स्टॉपरचा घसा सामना संपल्यावर दोन दिवस बसतो. ही कोचगिरीच झाली की. पगार तेवढा नसतो.

पण तोटा बी सांगतो. आम्ही गोल खाल्ला की आठवडाभर पेठेत तोंड लपवून फिरायचो. फॉरवर्डनं तीन चान्स घालवले तरी चौथा मारला की खांद्यावर. त्यामुळं स्टॉपरच्या डोक्यात भीती कायमची बसते, कोच झाला तरी. विंगवाले तिथं बरोबर आहेत. १-० झालं की मी बी पोरांना 'मागं या रे' म्हणतो. जीभ ऐकत नाही!

विंगवरून_लिहितो

@पेठेतला_बॅक, राग कसला, पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केलं :)

मापशेकर

गोव्यातून एक भर. बचावपटूचा कोच झाला म्हणजे तो घाबरट, हे समीकरण आमच्याकडे चालत नाही. डेरिक परेरा साळगावकरचा बचावपटू, पण कोच म्हणून महिंद्र युनायटेडला २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली, मुंबईच्या संघाला! महेश गवळीसुद्धा भारताच्या बचावफळीतला, नंतर राष्ट्रीय संघाच्या कोचिंगमध्ये. विषय साउथगेटचा आहे म्हणून थांबतो.

फक्त २०१८ची एक गंमत. व्हिलामधली तिघांची बचावफळी आडवापाय यांनी सांगितली. रशियात त्याने वॉकर, स्टोन्स, मॅग्वायर अशी तिघांचीच लावली. वॉकर तर मूळचा उजव्या बाजूचा बॅक, त्याला आत घेतलं. म्हणजे स्वतः ज्यात सुखी होता तेच घर पोरांना बांधून दिलं. आणि आघाडी कुठून आली? कॉर्नर आणि फ्रीकिकवरून. इंग्लंडच्या १२ गोलांपैकी ९ थांबलेल्या चेंडूवरचे, पेनल्ट्या धरून. कॉर्नरला चार-पाच जण आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक उभे राहायचे आणि चेंडू येताच फुटायचे. ज्याने आयुष्यभर कॉर्नर परतवले त्यालाच कॉर्नर कसा घालायचा हे नीट कळतं.

अनघा_पु

फुटबॉल मला बेताचाच कळतो, नवऱ्यामुळे सामने बघते. पण शाळेत समुपदेशन करते म्हणून पेनल्टीबद्दल लिहिते.

१९९६नंतर काही महिन्यांत साउथगेटने पिझ्झाची जाहिरात केली होती, डोक्यावर कागदी पिशवी घालून. सोबत वॉडल आणि पिअर्स, म्हणजे १९९०च्या विश्वचषकात पेनल्टी हुकलेले दोघे. लोक हसले, मलाही जाहिरात म्हणून हुशारीची वाटते. पण नुसती बघा: तिशीही न गाठलेला माणूस डोक्यावर पिशवी घालून हॉटेलात बसलाय आणि देश हसतोय. शाळेत मुलं असंच करतात. कुणी हसायच्या आत आपणच हसून घेतात.

कोच झाल्यावर त्याने संघात मानसशास्त्रज्ञ आणले, पेनल्टीचा सराव दमलेल्या पायांनी करायला लावला, पंचांची शिट्टी वाजल्यावर घाई करू नका, श्वास घ्या असं शिकवलं. आधीचे इंग्लिश खेळाडू शिट्टी वाजताच पळत सुटायचे, एकदाचं संपवून टाकू म्हणून. मुलं तोंडी परीक्षेत घडाघडा उत्तर ओकून मोकळी होतात, तसंच. माझ्या दृष्टीने त्याचं मोठं काम हे आहे: पेनल्टी ही नशिबाची गोष्ट आहे, हे वाक्य त्याने संघातून हद्दपार केलं.

आडवापाय

@अनघा_पु, अगदी. आकडे देतो. १९९० ते २०१२ मोठ्या स्पर्धांमध्ये इंग्लंडचे सात टायब्रेकर झाले, जिंकला एक, १९९६चाच, स्पेनविरुद्ध. साउथगेटच्या काळात चार झाले, जिंकले तीन. २०१८ला कोलंबियाविरुद्ध, २०१९ला नेशन्स लीगमध्ये तिसऱ्या जागेसाठी स्वित्झर्लंडविरुद्ध, २०२४ला पुन्हा स्वित्झर्लंडविरुद्ध. त्या शेवटच्या वेळी पामर, बेलिंगहॅम, साका, टोनी, अलेक्झांडर-आर्नॉल्ड, पाचही आत. गोलकीपर पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर समोरच्याची कुंडली चिकटवलेली होती, अकांजीच्या नावापुढे 'डावीकडे झेप' लिहिलेलं. त्याने घेतली आणि चेंडू हातात आला.

विंगवरून_लिहितो

आणि चौथा? तो का गाळलात? ११ जुलै २०२१, इटलीविरुद्धचा तोच अंतिम सामना, आपल्याकडे बाराची रात्र. १२०व्या मिनिटाला रॅशफर्ड आणि सँचो आत. पायाला चेंडूसुद्धा नीट लागलेला नाही आणि थेट पेनल्टी. रॅशफर्ड खांबाला, सँचो इटलीचा गोलकीपर दोनारुम्माच्या हातात. आणि पाचवी, देश ज्यावर अडकलाय ती, साकाला, आणि तीही हुकली. वय १९! स्टर्लिंग, ग्रीलिश, शॉ मैदानात उभे. हा तुमचा आकडे बघून ठरवणारा कोच. यादी कागदावर छान दिसत असेल, पण १९ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर देश ठेवायचा असतो का?

टीसकाठचा

त्या रात्रीनंतर जे झालं ते फुटबॉलपेक्षा वाईट होतं. तिन्ही हुकलेली पोरं कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या खात्यांवर ओकलं गेलेलं मी इथे लिहूही शकत नाही. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डचं भिंतीवरचं चित्र खराब केलं, मग लोकांनी त्यावर चिठ्ठ्या लावून ते झाकलं. साउथगेटने महिनाभर आधीच, जूनमध्ये, देशाला जाहीर पत्र लिहिलं होतं, खेळाडूंनी वर्णद्वेषाविरुद्ध बोलायलाच हवं म्हणून. त्याआधी २०१९ला बल्गेरियात, सोफियाला वर्णद्वेषी शिवीगाळीमुळे सामना दोनदा थांबवला गेला, तेव्हाही पोरांना विचारून मग पुढे खेळले आणि ६-० जिंकले. तेव्हा कोचच्या नावाने शंख करताना हेही मोजा.

विंगवरून_लिहितो

माणूस म्हणून शंभर टक्के. मी कोचबद्दल बोलतोय.

आडवापाय

विंगवाले, तुमचा मुद्दा टाळत नाही. गाळला कारण त्यावर वेगळं लिहायचं होतं.

साकाची निवड चुकली असं मलाही वाटतं. शेवटच्या मिनिटाला बाकावरून उठवलेल्या माणसाकडून पेनल्टी मारून घेणं, हे तर त्याहून चुकलं. सरावातले आकडे सरावातच खरे असतात. पण सामन्यानंतर तो काय म्हणाला ते बघा: कोण मारणार हे मी ठरवलं, जबाबदारी माझी. कोच सहसा असं म्हणतातच, शिष्टाचार म्हणून. याच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं, कारण पोरांनी हात वर करून काही ठरलंच नव्हतं. त्याने ती पद्धतच मोडून काढली होती. ज्येष्ठ खेळाडू का पुढे झाले नाहीत म्हणून लोक ग्रीलिशवर तुटून पडले तेव्हा ग्रीलिशने जाहीर सांगितलं की मी मारतो म्हणालो होतो, निर्णय कोचचा.

१९९६ला स्वतःहून पुढे झाल्यामुळे सगळं साउथगेटच्या अंगावर आलं. सहावा कोण हे ज्यांनी ठरवून ठेवलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंच नाही. त्याने ही वाट बंद केली. पोरगं हुकलं तरी दोष वर, त्याच्यापर्यंत, जावा. तीन वर्षांनी साकाने स्वित्झर्लंडविरुद्ध आधी बरोबरीचा गोल केला आणि मग पेनल्टीही घातली. सगळं श्रेय कोचचं नाही, साका मुळातच खंबीर पोरगा आहे. पण त्याला परत त्याच जागेवर उभं करणाराही हाच होता.

मापशेकर

हे पटलं. पण २०२४च्या अंतिम सामन्याचं काय? बर्लिन, स्पेन. विल्यम्सचा गोल, पामरची बरोबरी, ८६व्या मिनिटाला ओयार्साबाल. टायब्रेकरपर्यंत गेलंच नाही. त्या स्पर्धेत स्लोव्हाकियाविरुद्ध ९५व्या मिनिटाला बेलिंगहॅमने उलटी लाथ मारली नसती तर हा धागाही निघाला नसता.

विंगवरून_लिहितो

तेच तर! त्या स्पर्धेत स्लोव्हेनियाशी ०-० झाल्यावर इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी त्याच्याकडे बिअरचे पेले फेकले. दोन दिवसांनी जाणारा पाहुणा आहे असंच वाटत होतं, आणि बाबा अंतिम सामन्यात. १०२ सामने, ६१ विजय, ट्रॉफी शून्य. वर २०२५च्या नववर्षाला 'सर' सुद्धा झाला. मला हा माणूस कधी कळलाच नाही, आणि रागही धड येत नाही.

टीसकाठचा

धाग्याबाहेरचं आहे, पण इहिओगूचं नाव आलंय म्हणून. व्हिलात शेजारी, मग मिडल्सब्रोतही शेजारी, २००४चा चषक दोघांनी मिळून जिंकला. तोही कोचिंगमध्ये आला होता, टॉटनमच्या तरुण संघाकडे. एप्रिल २०१७मध्ये सरावाच्या मैदानावर कोसळला आणि गेला, ४४व्या वर्षी. साउथगेट इंग्लंडचा कायमचा कोच होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. तिघांच्या फळीतला एक माणूस रशियातली फळी बघायला नव्हता, हे मला २०१८चे सामने बघताना सारखं आठवायचं.

अनघा_पु

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

पेठेतला_बॅक

धागा वाचून काल सरावाला गेलो. रविवारी पोरांचा नॉकआऊट आहे. म्हटलं आपण बी साउथगेट होऊया. आठवडाभर पेनल्ट्या मारून घेतल्या होत्या, वहीत लिहिल्या होत्या, कोण किती, कुठल्या कोपऱ्यात. पाच नावांची चिठ्ठी केली आणि वाचून दाखवली. ज्यांची नावं नव्हती ती पोरं खुश, ज्यांची होती ती गप. हे बी शिकायला मिळालं.

मग एक पोरगं, आमचा स्टॉपर, चौदा वर्षांचं, हात वर करून म्हणतंय, "सर, आणि सहावा कोण?"

चिठ्ठी परत घेतली भावांनो. रात्री बसून अकराही नावं लिहिली. गोलकीपर धरून.

विंगवरून_लिहितो

आणि सहावा कोण लिहिलात ते सांगा की!

पेठेतला_बॅक

तो नाही. तो नववा. पोराचा डावा पाय कच्चा आहे अजून.